पोवाड्यानंतरचं संगीत

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाला पोवाडा मिळाला, शोकसंगीत मिळालं नाही. दर १७ सप्टेंबरला नांदेडला, लातूरला आणि तालुक्यातालुक्याच्या गावी ध्वजवंदन होतं, सलामी होते, शाळेतली मुलं समरगीतं म्हणतात, कुणी शाहीर डफावर थाप मारून निजामाच्या सशस्त्र पाठीराख्यांशी, रझाकारांशी, झालेल्या झुंजी उभ्या करतो. यातलं काही कमी करावं असं मला वाटत नाही. निजामाची राजवट उलथण्यासाठी ज्यांनी घरदार सोडलं, त्यांना मानवंदना मिळायलाच हवी. पण या संगीताला लढाई ठाऊक आहे आणि विजय ठाऊक आहे. लढाईत जे अनाम मेले आणि विजयानंतर जे मारले गेले, त्यांच्यासाठी सूर लावायचा तर कोणता, हे पंचाहत्तर वर्षं उलटून गेली तरी आपण ठरवलेलं नाही. ते ठरवण्याची वेळ आली आहे. आणि ते काम एकट्या डफाचं नाही. त्यासाठी अनेक वाद्यांचं, अनेक गळ्यांचं, एकमेकांशी न पटणारे सूर एकाच वेळी धरून ठेवणारं मोठं संगीत लागेल, असं माझं म्हणणं आहे.

युद्ध आणि वाद्यवृंद यांचा विषय निघाला की लेनिनग्राडची आठवण हटकून काढली जाते. जर्मन वेढ्यात अडकलेल्या त्या शहरात ९ ऑगस्ट १९४२ रोजी शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची सातवी सिंफनी वाजली. रेडिओच्या वाद्यवृंदातले बरेच वादक उपासमारीनं गेले होते. उरलेल्यांच्या अंगात फुंकवाद्य फुंकायची ताकद नव्हती. कार्ल एलियासबर्ग या संचालकानं सैन्याच्या तुकड्यांमधून वादक मागवले, त्यांना जादा शिधा मिळवून दिला आणि तालमी घेतल्या. त्या संध्याकाळी रशियन तोफांनी आधीच मारा करून जर्मन तोफा गप्प केल्या आणि ध्वनिक्षेपकांवरून ते संगीत शहरभर गेलं. ही हकिगत कितीही वेळा ऐकली तरी थरारून टाकते. पण तिच्यात एक सोय आहे, आणि तिकडे आपलं दुर्लक्ष होतं. लेनिनग्राडचा शत्रू बाहेर होता. तो दुसरी भाषा बोलत होता, रणगाड्यांतून आला होता. शहर एका बाजूला आणि शत्रू दुसऱ्या बाजूला, इतकं सगळं स्वच्छ होतं. म्हणूनच स्टालिनच्या राजवटीला ती सिंफनी लगेच प्रचारासाठी वापरता आली. तिची पानं सूक्ष्मफिल्मवर उतरवून तेहरानमार्गे अमेरिकेला गेली आणि त्याच वर्षीच्या जुलैत संचालक तोस्कानिनीनं ती तिथल्या रेडिओवरून वाजवलीसुद्धा.

आपल्याकडे असं नव्हतं. इथे मारणारा आणि मरणारा एकाच आडाचं पाणी प्यायलेले होते.

तेव्हा मराठवाड्यानं बघायचं असेल तर कॉव्हेंट्रीकडे बघावं. इंग्लंडमधल्या या शहरातलं कॅथेड्रल नोव्हेंबर १९४०च्या जर्मन बॉम्बफेकीत जळून गेलं. त्याच्या शेजारी नवं उभं राहिलं, तेव्हा ३० मे १९६२ रोजी तिथे बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराचं ‘वॉर रेक्विएम’ पहिल्यांदा सादर झालं. ब्रिटन युद्धविरोधी होता. त्यानं मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थना घेतल्या आणि त्यांच्या मधे मधे विल्फ्रेड ओवेनच्या युद्धकविता बसवल्या. हा ओवेन पहिलं महायुद्ध संपायच्या आठवडाभर आधी मारला गेलेला पंचवीस वर्षांचा सैनिक. रचनेत मोठा वाद्यवृंद आणि समूहगान वेगळं, दोन पुरुष गायकांसोबतचा छोटा वाद्यमेळ वेगळा आणि मुलांचा गट त्यांच्यापासून दूर. हे तीन गट एकमेकांत विरघळत नाहीत. प्रार्थना सांत्वन करू पाहते आणि कविता तिला उलटून विचारते की या पोरांना मारलं कुणी. ब्रिटनच्या मनात तीन गायक तीन देशांचे असावेत असं होतं: इंग्रज पीटर पीअर्स, जर्मन डीट्रिख फिशर-डीस्काऊ आणि रशियन गालिना विश्नेव्स्काया. सोव्हिएत सरकारनं तिला येऊ दिलं नाही. ऐनवेळी हेदर हार्पर ही आयरिश गायिका उभी राहिली. म्हणजे तिथेही सत्तेला शोकाची भीती वाटलीच. विजयगीताला कुठल्या सरकारनं अडवल्याचं सहसा ऐकू येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. निजामाच्या राज्यात गाणं हे राजकारणाच्या जागी उभं होतं, याचं कारण सरळ आहे. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानं पूर्वपरवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी होती. भाषण बंद म्हटल्यावर माणसं भजनात, कीर्तनात, गणेशोत्सवाच्या मेळ्यात, वाचनालयाच्या वार्षिक समारंभात बोलू लागली. १९३८च्या अखेरीस औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांची नावं कॉलेजातून काढली गेली. अनेकांना शिक्षण पुरं करायला नागपूर गाठावं लागलं. एका गाण्यासाठी शेकडो पोरांनी आपलं भवितव्य पणाला लावलं, ही राजकीय प्रतिकाराच्या संगीताची आपली स्वतःची, अस्सल घटना आहे. पुढे १९४७-४८मध्ये लढा सशस्त्र झाला. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर तरुणांनी ठाणं मांडलं, सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, ३० जानेवारी १९४८ला नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली गेली. या सगळ्याला पोवाडा चपखल बसतो. एक नायक, एक शाहीर, मागे झील धरणारे, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर उभा राहणारा काटा. पोवाडा एका बाजूचाच असतो आणि असावा. धारातीर्थी निघालेल्याला दोन्ही बाजू समजावून सांगत बसायची ती वेळ नसते.

पोवाड्याची वेळ संपल्यावर काय, हा प्रश्न आहे.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडलं त्याची पाहणी करायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. संस्थानभर या लष्करी कारवाईच्या, म्हणजे ‘पोलीस अ‍ॅक्शन’च्या, दरम्यान आणि नंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असा त्यात अंदाज आहे, बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी लातूर उस्मानाबादेत होतं आणि १९४८ साली उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग बिदरमध्ये. म्हणजे त्या चारांपैकी तीन नावांमागे नांदेड-लातूरची गावं उभी आहेत. खुद्द लातूर शहरात मारहाण आणि कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार शहरात सापडले, असं अहवालात आहे. बाकीचे मेले किंवा पळाले. लातूरवरच राग का, तर रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. तो तुरुंगात गेला, पुढे पाकिस्तानात गेला. त्याच्या नावाची शिक्षा कच्छी दुकानदारांनी आणि हातमागावरच्या विणकरांनी भोगली.

हे सांगताना मी रझाकारांचं काही झाकू पाहत नाही. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला मे १९४८मध्ये त्यांनी केलेलं हत्याकांड, बिलोलीजवळच्या अर्जापूरला १९४६मध्ये झालेला मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून, जाळलेली गावं, कॅम्पाच्या आश्रयाला पळालेली कुटुंबं हे सगळं झालेलं आहे. निजामाची राजवट जायलाच हवी होती. पण शोक म्हणजे जमाखर्च नव्हे. एका बाजूच्या प्रेतांनी दुसऱ्या बाजूची प्रेतं फिटत नाहीत. त्याच सुंदरलाल अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबं वाचवल्याच्याही नोंदी आहेत. त्यांचा पोवाडासुद्धा कुणी रचलेला माझ्या कानावर आलेला नाही, आणि ते तर आपल्या नेहमीच्या अर्थानंही शूर होते.

मराठी माणसाला शोक संगीतात मांडता येत नाही, असं कुणी म्हणू नये. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर सगळा देश आवेशाची गाणी शोधत होता. त्या वेळी कवी प्रदीप यांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’ला चाल दिली ती पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी ते गायलं. ती चाल मेलेल्यांकडे पाठ करून पुढे निघत नाही, त्यांच्यापाशी थांबते. हरलेल्या देशाला रडायची परवानगी त्या गाण्यानं दिली. परंतु ते आपल्या सैनिकांसाठी होतं, आणि आपल्या सैनिकासाठी रडणं कुणालाच अवघड जात नाही.

आणि मराठवाड्यातच, नांदेड-लातूरमध्येच, शोकाचं आणि प्रतिकाराचं समूहसंगीत उभं राहिलेलं आहे. ते पाहायला कॉव्हेंट्रीला जावं लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ‘जय भीम’ सोडायला तयार नाहीत म्हणून मारलं. १९९३च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावानं वेगळं विद्यापीठ सुरू झालं. लातूर त्याच विद्यापीठात आहे. या सोळा वर्षांचा खरा इतिहास भीमगीतांनी सांभाळला. एप्रिल महिन्यात या दोन जिल्ह्यांत रात्री फिरून पाहा. मोंढ्याच्या मैदानात, वस्तीतल्या मांडवात, बुद्धविहारासमोर भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा लागलेला असतो: की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, बँजो, हार्मोनियम, दोन-तीन गायक, मागे कोरस. लोककवी वामनदादा कर्डकांनी घालून दिलेली वाट, कव्वालीचा ठेका, सिनेमाच्या चालीचे तुकडे, मधेच गायन थांबवून सांगितलेली हकिगत. या मांडवांत पोचीरामांचं नाव घेतलं जातं. नाव घेणं हे शोकसंगीताचं पहिलं काम, आणि ते इथे होतं.

या ऑर्केस्ट्रातली वाद्यं कुणाच्या हातात आहेत, हेही पाहायला हवं. हलगी, डफडं, सनई, संबळ ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींच्या गळ्यात बांधली गेली. गावच्या पाटलाचं लग्न असो की देवाची पालखी, मांगवाड्यातून हलगी निघालीच पाहिजे. वाजवणारा मांडवाबाहेर उभा, मिळालं तर शिळंपाकं. म्हणून आंबेडकरी चळवळीत पुष्कळ ठिकाणी प्रतिकार वाजवून नाही, वाजवायला नकार देऊन झाला. लोकांनी गावकीची कामं सोडली, आणि मानहानीचं वादनही सोडलं. शोस्ताकोविचच्या वादकांना वाजवण्यासाठी जेवढं बळ लागलं, तेवढंच बळ इथे वाद्य खाली ठेवायला लागलं, असं मला वाटतं. त्याच घराण्यांतली पोरं आज ढोलकी किंवा ऑक्टोपॅड स्वतःच्या इच्छेनं, स्वतःच्या माणसांसाठी, मंचावर बसून वाजवतात. गावोगावच्या बँड पथकांचंही तसंच. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम हा सारा सरंजाम लष्करी बँडाचा, झालर लावलेला गणवेशही लष्करी. तो अंगावर चढवून इथले दलित आणि मुसलमान वादक एका रांगेत चालतात आणि दुसऱ्यांच्या वराती काढतात. मोठा वाद्यमेळ सांभाळण्याचं कसब मराठवाड्यात आहे ते त्यांच्यापाशी आहे. त्याला आपण कला म्हणून कधी विचारात घेतलं नाही.

तरीही भीमगीताच्या मांडवाला एक मर्यादा पडते, आणि ती त्या गायकांची नाही. गावाचा दुसरा भाग त्या मांडवाकडे फिरकत नाही. कधी कधी तर मिरवणुकीचाच राग धरतो. नांदेडजवळच्या एका गावात २०२३च्या जूनमध्ये एका तरुणाचा खून झाला. आंबेडकर जयंती साजरी केल्याचा आकस त्यामागे होता, असा फिर्यादीतला आरोप आहे. ज्यांचं माणूस गेलं ते गातात, आणि ज्यांनी ऐकायला हवं ते दार लावून घेतात. १९४८बद्दल तर गाणारेही गप्प आहेत. नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या जुन्या मोहल्ल्यात त्या दिवसांविषयी घरातल्या घरात, खालच्या आवाजात बोलतात. उघड्यावर, वाद्यांसह, शेजाऱ्यांसमोर त्याचा उच्चार होत नाही.

इथे काही आक्षेप येणार, आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत. खपली कशाला काढता, हा पहिला. पण जखम झाकली म्हणून ती सांगितली जायची थांबलेली नाही. दोन्हीकडे ती आपापल्या परीनं सांगितली जाते, अर्धीच सांगितली जाते, आणि निवडणुकीच्या दिवसांत ते अर्धं सांगणं पेटतं. विचारवंत नरहर कुरुंदकरांनी नांदेडला बसून हैदराबादच्या मुक्तीची चिकित्सा केली. कुणाला काय आवडेल याचा हिशेब न करता विचार मांडायची सवय या शहराला त्यांनी लावली. विचारानं जे धैर्य दाखवलं ते संगीतानं का दाखवू नये? संगीत तर न्यायनिवाडा करत नाही. दोन माणसं एकमेकांचं खोडून काढत एकाच वेळी बोलली तर गोंधळ होतो. दोन सूर एकाच वेळी लागले तर दोन्ही ऐकू येतात. शब्दांना ही सोय नाही. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीवर उभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असा मोठा वाद्यवृंद हा सत्तेचा दागिना होऊन बसतो. हे खरं आहे, आणि त्याचा दाखला मुंबईत जन्मलेले संचालक झुबिन मेहता यांच्याच कारकिर्दीत आहे. जून १९९४मध्ये वेढ्यातल्या सारायेव्होत, जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भिंतींमध्ये त्यांनी मोझार्टचं रेक्विएम केलं. वादक आणि गायकवृंद त्या शहराचेच, वेढा सोसलेले. सप्टेंबर २०१३मध्ये त्यांनीच श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियाचा वाद्यवृंद आणला. काश्मिरी वादकांचाही त्यात सहभाग होता, मेहतांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ऐकणारे निमंत्रित होते, बाहेर कडेकोट बंदोबस्त होता, आणि शहरातल्या लोकांनी निषेध म्हणून आपला वेगळा कार्यक्रम भरवला. संचालक एकच, फरक पडला तो मंचावर कोण बसलं आणि कुणाला आत येऊ दिलं यानं. नांदेड-लातूरमध्ये काही करायचं तर ते सारायेव्होसारखं व्हावं लागेल, शालिमारसारखं नाही.

आपल्या संगीतात अशी रचना बसतच नाही, असंही जाणकार सांगतील. मला ते पटत नाही. आपल्या शाहिरीत कलगी-तुरा आहे: एक फड शक्तीला थोर मानणारा, दुसरा शिवाला, आणि दोघं एकाच रात्री, एकाच मंचावर, एकमेकांना सवाल घालणारे. परस्परविरोधी पक्षांना एका संगीतात बांधायची ही आपली जुनी रीत आहे. मोहर्रमात मराठवाड्यातल्या अनेक गावी सवाऱ्या निघतात, त्यात हिंदू घरंही असतात, पुढे हलगी आणि ताशा असतो. आणि मर्सिया हे तर करबलाच्या मृतांसाठीचं शोकगान. नांदेडला सचखंड साहिब आहे. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, तिथे शीख परंपरेतलं ढाडी गायन ऐकता येतं. ढड्ड आणि सारंगीवर युद्धाच्या ‘वार’ गायच्या, ही सहाव्या गुरूंनी, गुरू हरगोविंदांनी वाढवलेली प्रथा. आणि त्या गायनात वीरश्रीइतकाच विलाप असतो. जात्यावरच्या ओवीत मेलेल्या भावाचं नाव घेऊन रडायची रीत बायकांना ठाऊकच आहे. एवढं सगळं दोन जिल्ह्यांत आहे. ते एका रचनेत आणायला व्हायोलिनची पलटण लागत नाही, मात्र असेल तर हवीच. लागतो तो संगीतकार, ज्याला हे सगळे सूर एकमेकांत मिसळून गुळमुळीत करायचा मोह होणार नाही. मर्सिया मर्सियाच राहावा, पोवाडा पोवाडाच राहावा, भीमगीताचा कोरस दोघांनाही अडवून आपला प्रश्न विचारत राहावा.

मला दिसते ती रचना अशी. शब्द नवे रचायची फार गरज नाही. गावांची नावं पुरतील: गोरटा, अर्जापूर, लातूर, टेंभुर्णी, आणि ज्या गावांची नावं लोक स्वतः आणून देतील ती. नायक एकही नको. नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, लातूरला संगीत शिकवणारी कॉलेजं आहेत. त्यांनी हे हाती घ्यावं, पण तालमी विद्यापीठाच्या आवारात कोंडू नयेत. त्या वस्तीत, मोहल्ल्यात, मारुतीच्या पारावर व्हाव्यात, म्हणजे चुकलेलं दुरुस्त करायला माणसं येतील, भांडतील, एखादं नाव गाळलं म्हणून जाब विचारतील. सादर करायचं तर लातूरच्या गंजगोलाईत करावं. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात, तिथे निमंत्रणपत्रिका छापून भागत नाही. बाजाराला आलेला कुणीही थांबणारच. सरकारी कार्यक्रमात ते घुसवू नये, सरकारकडून परवानगीपलीकडे काही मागूही नये. पैसा लोकांकडून गोळा करावा, जसा जयंतीला होतो. आणि हलगी वाजवणाऱ्याची खुर्ची सारंगीवाल्याच्या शेजारी असावी, बिदागी संगीतकाराच्या बरोबरीची असावी, आणि त्याला वाजवायचं नसेल तर त्या जागी दुसरं वाद्य घुसवू नये. तेवढ्या मात्रा मोकळ्या सोडाव्यात आणि त्या का मोकळ्या आहेत हे रचनेच्या आधी सांगावं.